पॅरिस–रूबेचे दगडी रस्ते

उत्तर फ्रान्सच्या नॉर विभागात, बेल्जियमच्या बॉर्डरला लागून, शेतातून जाणाऱ्या जुन्या दगडी वाटा आहेत, त्यांना तिथे पाव्हे म्हणतात. दरवर्षी एप्रिलमध्ये यांच्यावरून पॅरिस–रूबे ही एका दिवसाची सायकल शर्यत जाते. एकूण अंतर साधारण २५५ ते २६० किमी, त्यातले जवळपास ५५ किमी दगडांवरून, आणि तेही सलग नाही तर २९-३० तुकड्यांत विभागलेले. डोंगर नाही, घाट नाही, चढ म्हणाल तर रेल्वेच्या पुलाएवढा, तरीही सायकलिंगमधली सगळ्यात खडतर एकदिवसीय शर्यत कुठली असं विचारलं तर बहुतेक जण हिचंच नाव घेतील. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, हे रस्ते आज शिल्लक आहेत ते या शर्यतीमुळेच, नाहीतर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच यांच्यावर डांबर पडलं असतं.

मुलूख कसा आहे

लिल शहराच्या दक्षिणेला पेव्हेल नावाचा भाग आहे, तो आणि त्याच्या पलीकडचा कोळशाच्या खाणींचा पट्टा मिळून शर्यतीचा शेवटचा अर्धा भाग होतो. जमीन सपाट, माती चिकण, पीक म्हणजे साखरेचं बीट, बटाटा, गहू, चिकोरी. पाऊस पडला की गाड्या रुतायच्या, म्हणून शेतमाल बाहेर काढायला दगड बसवलेल्या पाणंदी केल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा एकोणिसाव्या शतकातल्या. नेपोलियनने बांधल्या वगैरे सांगितलं जातं ते सरसकट खरं मानू नये.

रस्ता मधे फुगीर आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पाणी निघून जावं म्हणून. दगड एका मापाचे नाहीत, कोपरे झिजलेले, दोन दगडांमधल्या फटीत माती किंवा गवत, आणि वर्षानुवर्षं ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोलगट चाकोऱ्या पाडलेल्या. अवजड अवजारं आली तशा या चाकोऱ्या आणखी खोल झाल्या. युरोपातल्या जुन्या शहरांच्या चौकात टुरिस्ट फोटो काढतात ती गुळगुळीत दगडी फरशी इथे डोळ्यासमोर आणूच नका.

इतिहासही इथे ठासून भरलेला आहे. सिझ्वाँ ते बुर्गेल हा एक दगडी तुकडा, सिझ्वाँच्या शेजारच्या बुव्हीनला १२१४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मोठी लढाई जिंकली होती. मों-आँ-पेव्हेलला १३०४ मध्ये फ्रेंच आणि फ्लेमिश सैन्यं भिडली होती. सायकलवाल्यांना अर्थात त्या क्षणी यातलं काहीही आठवत नाही.

शर्यत आणि तिचं नाव

रूबे हे कापडगिरण्यांचं शहर. तिथल्या तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी १८९५ मध्ये सायकलिंगचा ट्रॅक, म्हणजे व्हेलोड्रोम बांधला आणि त्याची जाहिरात व्हावी म्हणून पॅरिसहून रूबेपर्यंत शर्यत काढली. पहिली शर्यत १८९६ मध्ये झाली, जर्मनीचा योसेफ फिशर जिंकला. त्या काळी दगडी रस्ता हे काही आकर्षण वगैरे नव्हतं, सगळे रस्ते तसलेच होते.

'उत्तरेचा नरक' हे टोपणनाव दगडांमुळे पडलं असं पुष्कळांना वाटतं पण ते आलं पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ मध्ये शर्यत पुन्हा सुरू करायची म्हणून आयोजक आणि पत्रकार मार्ग बघायला निघाले, तर पुढे पुढे जाताना झाडं नाहीत, गावं जमीनदोस्त, तोफगोळ्यांचे खड्डे आणि चिखल. नरक हा शब्द त्या दृश्यासाठी वापरला गेला आणि नंतर शर्यतीलाच चिकटला. त्या वर्षी आंरी पेलिसिए जिंकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर डांबर आलं आणि गंमत म्हणजे त्याला टीव्हीने हातभार लावला. शर्यत टीव्हीवर दिसायला लागली तशी गावोगावच्या मेयरना लाज वाटू लागली की आपल्या गावाचा रस्ता असा मागासलेला सगळा देश बघतोय, मग त्यांनी भराभर डांबर टाकून घेतलं. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दगडी अंतर इतकं घटलं की शर्यत साधी सपाट धावाधाव होऊन बसेल अशी वेळ आली. मग आयोजकांकडून आल्बेर बूव्हे नवीन, म्हणजे खरं तर जुनेच, रस्ते शोधायला निघाला आणि त्याला मदत केली झाँ स्टाब्लिन्स्कीने. हा १९६२ चा विश्वविजेता, पोलिश कुटुंबातला, लहान वयात कोळशाच्या खाणीत काम केलेला. त्याने आरेनबर्गच्या जंगलातली वाट दाखवली, जिच्या खालच्या खाणीत तो स्वतः राबला होता. १९६८ मध्ये ती वाट पहिल्यांदा शर्यतीत आली. १९७७ पासून शर्यत पॅरिसहून न निघता ८० एक किमी उत्तरेच्या कोंपिएन्यहून निघते, नाव मात्र तेच राहिलं.

तुकडे, नंबर आणि तारे

पहिले ९५ किमीच्या आसपास साधा रस्ता असतो, मग त्र्वाव्हिलपाशी पहिला दगडी तुकडा. नंबर उलटे मोजतात, म्हणजे पहिल्याचा ३० किंवा २९ आणि मग खाली खाली येत रूबेला १. प्रत्येकाला लांबी आणि अवस्था बघून एक ते पाच तारे देतात. पाच तारे तिघांनाच: आरेनबर्ग, मों-आँ-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र.

आरेनबर्ग सव्वादोन किलोमीटरच्या थोडं वर, जंगलातून दोरी धरल्यासारखी सरळ वाट. सुरुवातीला किंचित उतार असतो म्हणून सगळे ताशी ६० च्या आसपास स्पीडने आत घुसतात. सूर्य पोचत नाही, शेवाळ वाळत नाही, आणि कडेच्या मऊ पायवाटेवर कोणी जाऊ नये म्हणून बॅरिकेड लावलेले. १९९८ मध्ये बेल्जियमचा योहान म्यूसेऊ इथे पडला, गुडघ्याची वाटी फुटली, जखमेत गँगरीन झालं, पाय जायची वेळ आली. तोच माणूस २००० मध्ये रूबेत एकटा जिंकत आला तेव्हा रेषा ओलांडताना डावा पाय पेडलवरून काढून वर उचलला आणि त्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. वेग कमी व्हावा म्हणून २०२४ मध्ये आरेनबर्गच्या तोंडाशी नागमोडी वळण टाकलं, त्यावरून सायकलस्वारांमध्येच दोन तट पडले. दगडांतलं गवत खायला अलीकडे तिथे शेळ्या सोडतात, हा उपाय मला जास्त पटतो.

मों-आँ-पेव्हेल ३ किमी, पूर्ण उघड्या शेतातून, वारा आडवा असला की हालच. कारफूर द लार्ब्र शेवटच्या १७ किमीच्या आसपास येतो, तिथे चौकात एक रेस्टॉरंट आणि भोवती नुसतं शिवार, तोवर पाय संपलेले असतात त्यामुळे शर्यतीचा निकाल बऱ्याचदा इथेच लागतो. लांबीने मोठे तुकडे मात्र वेगळे, ऑर्नेंग आणि किएव्ही या गावांपाशी, ३.७ किमीचे. आणि रूबेतला शेवटचा ३०० मीटरचा तुकडा तर १९९६ मध्ये शर्यतीच्या शताब्दीसाठी मुद्दाम नवा बसवलेला, तिथे आधीच्या विजेत्यांच्या नावांच्या पाट्या आहेत, सायकलस्वारांना त्रास काहीच नाही.

दगडांवर सायकल चालते कशी

हळू गेलात तर प्रत्येक दगड जाणवतो, वेगात गेलात तर चाक दगडांच्या माथ्यावरून तरंगत जातं, म्हणून सगळी मारामारी वेग टिकवण्याची. जड गिअर, हँडल सैल धरायचं, वजन थोडं मागे, आणि शक्यतो रस्त्याच्या मधल्या फुगवट्यावर राहायचं. कोरड्या हवेत कडेच्या मातीच्या पट्टीवरून जायचा मोह होतो पण तिथेच अणकुचीदार खडे असतात आणि पंक्चर तिथेच होतं. टायर आता ३० ते ३२ मिमीचे ट्यूबलेस, हवा कमी ठेवलेली. १९९० च्या दशकात सस्पेन्शन फोर्कचाही, म्हणजे पुढच्या चाकाच्या धक्के शोषणाऱ्या दांड्यांचाही, प्रयोग झाला, झिल्बेर द्यूक्लो-लासाल १९९२ आणि १९९३ ला तसल्या सायकलवर जिंकला. १९९३ चा निकाल तर फोटो बघून लावावा लागला, आणि हरलेला फ्रँको बालेरिनी आपणच जिंकलो म्हणून खूश होऊन बसला होता.

हातांचे काय हाल होतात ते २०२१ ला दिसलं. त्या ऑक्टोबरमध्ये (कोव्हिडमुळे एप्रिलची शर्यत पुढे ढकलली होती) बायकांची पहिली पॅरिस–रूबे झाली, ब्रिटनची लिझी डेग्नन ८० किमीहून जास्त अंतर एकटी पुढे राहून जिंकली, हातमोजे नव्हते आणि हँडलच्या पांढऱ्या टेपवर रक्ताचे डाग पडलेले. दुसऱ्या दिवशी पुरुषांची शर्यत पावसात झाली, २००२ नंतर पहिल्यांदाच चिखलातली. सोन्नी कोलब्रेली जिंकला आणि ओळखू येत नव्हता. टूर द फ्रान्ससुद्धा अधूनमधून या वाटांवर येते, २०१४ मध्ये तर आदल्या वर्षीचा विजेता क्रिस फ्रूम पहिला दगड यायच्या आधीच ओल्या डांबरावर पडून घरी गेला.

सर्वाधिक चार-चार वेळा जिंकलेले दोघे, रोजे द व्लेमिंक आणि टॉम बोनेन, दोघेही बेल्जियन. मातिअू व्हान डर पूल २०२३, २०२४ आणि २०२५ असा सलग तीनदा जिंकला. फ्रान्सचा गाजलेला सायकलपटू बेर्नार इनो १९८१ ला जिंकला पण ही शर्यत त्याला मनापासून आवडत नव्हती आणि त्याने ते लपवलंही नाही. बक्षीस म्हणून स्टँडवर बसवलेला एक पाव्हे दगड मिळतो, ही पद्धत १९७७ पासूनची.

देखभाल

'पॅरिस–रूबेचे मित्र' अशा अर्थाच्या नावाची स्वयंसेवकांची संस्था १९८० च्या दशकापासून हे काम बघते. दगड उपसायचे, खाली वाळूचा थर नीट करायचा, पाण्याला वाट काढून द्यायची आणि दगड परत हाताने बसवायचे, यात जवळपासच्या बागकाम शिकवणाऱ्या शाळांची मुलंही असतात. काम नाजूक अशासाठी की फार चांगलं करून चालत नाही. रस्ता ट्रॅक्टर जाईल इतका धड हवा आणि शर्यत होईल इतका वाईट, आणि शेतकऱ्याला डांबर मागायचा हक्क आहेच, त्यामुळे गावाशी सतत बोलणं चालू ठेवावं लागतं. खाणपट्टा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आरेनबर्गची १९८९ ला बंद पडलेली खाण त्यात येते.

स्वतः जायचं असेल तर

रस्ते सार्वजनिक आहेत, वर्षभर कोणीही जाऊ शकतं. लिलहून मेट्रोने रूबेला जाता येतं आणि कारफूर द लार्ब्र लिलपासून जवळच आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी हौशी लोकांसाठी राइड असते, त्यातला सगळ्यात छोटा मार्ग ७० किमीचा, पण आरेनबर्ग हवं असेल तर मोठा मार्ग घ्यावा लागतो. शरद ऋतूत बीट काढणी चालू असते, ट्रॉलीतून पडलेला चिखल दगडांवर साबणासारखा बसतो, तेव्हा नवख्याने टाळलेलं बरं. समोरून ट्रॅक्टर आला तर उतरून बाजूला व्हायचं, रस्ता त्याच्या कामाचा आहे. आणि आठवण म्हणून दगड उचलून आणायचा नाही, दरवर्षी कितीतरी चोरीला जातात आणि प्रत्येक खड्डा कोणाला तरी हाताने भरावा लागतो.