जागरणानंतर झोपेत डोळे जास्त फिरतात? छे, उलट!

‘जागरण झालं की स्वप्नं जास्त, म्हणून झोपेत डोळेही जास्त फिरतात’ हा समज जुना आहे. घडतं नेमकं उलट. शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या हालचालींची नोंद प्रसिद्ध केली: बंद पापणीआड बुबुळं झटक्यासरशी इकडून तिकडे सरकतात. पण गाढ झोप बुडाली असेल, तर भरपाईच्या रात्री ‘रेम’ म्हणजे स्वप्नांच्या झोपेत दर मिनिटाला होणारे हे झटके कमी होतात. मेंदू आधी गाढ झोपेची थकबाकी वसूल करत असतो. त्याचा दाब रेमवरही पडतो. एरवीही पहाटेकडे, झोप पुरत आली की डोळे जास्त पळतात. पापण्या शांत दिसल्या म्हणजे स्वप्नं नाहीत असं नव्हे. गडी नुसता दमलेला असेल.