दुखणं सांगणारा स्विच

प्लॅन 300 एमबीपीएसचा, कॉम्प्युटर वायरनं जोडलेला, तरी स्पीड टेस्टचा आकडा 94 च्या पुढं सरकत नाही. नेटवाल्याला फोन लावून भांडायच्या आधी या आकड्याकडं जरा नीट बघावं, कारण कुठं बिघडलंय ते तोच सांगतोय. लॅनची, म्हणजे घरातल्या वायरीच्या जाळ्याची, जोडणी 100 एमबीपीएसवर चालत असेल तर पत्ते आणि तपासणीच्या मजकुरात पाच-सहा टक्के जातात आणि हातात साधारण 94 उरतात. म्हणजे कंपनीनं 300 दिलेत, पण घरातल्याच एखाद्या वायरीत ते अडकलेत.

लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात, पिळून केलेल्या चार जोड्या. 100 एमबीपीएसला त्यातल्या नारिंगी आणि हिरवी या दोनच पुरतात. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, ज्याचं प्रमाणक 1999 साली आलं, चारही लागतात. क्लिप दाबताना निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार नीट बसली नाही, किंवा जुन्या घरात आढ्यावरून नेलेली केबल उंदरानं कुरतडली, की दोन्ही टोकांच्या चिपा बहुतेक वेळा गुपचूप 100 वर उतरतात. नेट बंद पडत नाही, त्यामुळं कुणाला पत्ताच लागत नाही. (टीव्हीवर मोजून निष्कर्ष काढू नका. भल्या मोठ्या, महागड्या टीव्हीतही लॅनचं पोर्ट बहुधा 100 चंच असतं.)

घरातल्या लॅनच्या वायरी ज्या डब्यात एकत्र येतात तो स्विच. साधा स्विच यातलं काही बोलत नाही. ज्याची सेटिंग बदलता येते त्या मॅनेज्ड स्विचचं मात्र ब्राउझरमध्ये उघडणारं स्वतःचं पान असतं. तिथं दिसतं : पोर्ट 3, वेग 100, खराब पाकिटं (डेटाचे तुकडे) इतकी. दुसऱ्या पोर्टांवर 1000 आणि या एकावरच 100, म्हणजे चोर सापडला. काही मॉडेलांत केबल तपासणीचीही सोय असते. स्विच तारेत विजेचा एक ठोका सोडतो. तार जिथं तुटली असेल तिथून तो परत फिरतो. केबलमध्ये संदेश नॅनोसेकंदाला साधारण 20 सेंटिमीटर जातो. ठोका 150 नॅनोसेकंदांनी परतला, तर जाऊन-येऊन 30 मीटर झाले, म्हणजे बिघाड 15 मीटरवर. जिन्याच्या वळणावर बघायचं की गच्चीवर, हे खुर्चीत बसून कळतं.

मुळात कुठलाही स्विच करतो काय? प्रत्येक उपकरणाला 48 बिटांचा मॅक पत्ता असतो. कुठल्या पोर्टवरून कुठल्या पत्त्याची पाकिटं येतात ते बघून स्विच आपला तक्ता भरत जातो, आणि पुढचं पाकीट फक्त त्याच पोर्टला देतो. बराच वेळ एखादा पत्ता दिसला नाही, बहुतेक ठिकाणी पाच मिनिटं, की तो पुसून टाकतो. पत्ता माहीत नसेल तर पाकीट सगळीकडं पाठवतो. एवढं काम पाचशे-हजाराचा डबाही चोख करतो. त्यामुळं मॅनेज्ड स्विच लावला की नेट पळायला लागेल या समजुतीनं पैसे घालू नयेत.

तो लागतो वेगळ्याच कामाला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीतलं घर घ्या. खाली दुकान आणि त्याचं बिलिंग, मध्ये मालकाचं घर, वर कॉट बेसिसवर राहणारी शिवाजी विद्यापीठाची मुलं, दारात आणि गच्चीवर कॅमेरे. कनेक्शन एकच. एकाच वाड्यात तीन बिऱ्हाडं, पण मधल्या दारांना कड्याच नाहीत, असा हा प्रकार. वरच्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तर दुकानाचा कॉम्प्युटर त्याच्या समोरच असतो.

या दारांना कड्या घालण्याची सोय म्हणजे व्हीलॅन. 1998 च्या 802.1क्यू या प्रमाणकानुसार प्रत्येक पाकिटाला चार बाइटांची चिठ्ठी जोडता येते. तिच्यातले 12 बिट गटाचा क्रमांक सांगतात, म्हणून 4094 गट करता येतात. घराला तीन-चार पुष्कळ झाले. दुकान 10, घर 20, मुलं 30, कॅमेरे 40, असं ठरवलं की 30 मधलं पाकीट 10 च्या पोर्टवर जातच नाही.

खरी गोची इथंच होते. हे गट वेगळे झाले तरी नेटला जाण्यासाठी राउटरच लागतो, आणि त्यालाही या चिठ्ठ्या वाचता यायला हव्यात. नेट कंपनी फुकट देते त्या डब्याला बहुधा ते जमत नाही. मग चारही गट एकमेकांपासून सुरक्षित आणि इंटरनेटपासूनही! वरची मुलं वाय-फायवर असतील तर वाय-फाय पुरवणाऱ्या डब्याला, म्हणजे ॲक्सेस पॉइंटलाही, व्हीलॅन कळायला हवा. राउटर बदलायचा नसेल तर माझ्या मते पोर्ट आयसोलेशन बरं : प्रत्येक पोर्टनं फक्त राउटरच्या पोर्टशी बोलायचं, शेजारच्याशी नाही. ही सोय स्वस्तातल्या मॉडेलांतही सापडते आणि दहा मिनिटांत लागते. राउटरच्या स्वतःच्या वाय-फायवरची उपकरणं मात्र या कडीच्या बाहेरच राहतात.

दुसरं संकट जास्त मजेशीर आहे. घर आवरताना कुणाला तरी लोंबकळणारी केबल दिसते, आणि तो तिचं टोक स्विचच्या मोकळ्या पोर्टात खुपसतो. दुसरं टोक आधीच तिथं असतं. झाला फेरा! सगळ्यांना उद्देशून सुटलेलं पाकीट आता गोल फिरत राहतं, कारण आयपीच्या (इंटरनेटवरच्या) पाकिटाला असते तशी आयुष्याची मर्यादा इथरनेटच्या (लॅनच्या वायरीतल्या) पाकिटाला नसते. गिगाबिट पोर्टवरून सेकंदाला जास्तीत जास्त 14 लाख 88 हजार छोटी पाकिटं जाऊ शकतात, आणि पाकिटांच्या अशा वादळात मजल तिथवर जाते. सगळे दिवे एका तालात फडफडतात आणि अख्ख्या घराचं नेट बसतं. यावरचा उतारा रेडिया पर्लमन यांनी 1985 साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला : स्पॅनिंग ट्री. स्विच आपसात निरोप पाठवून फेरा ओळखतात आणि त्यातली एक वाट बंद ठेवतात. ‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त मॉडेलांत कधी कधी पूर्ण स्पॅनिंग ट्री नसते, नुसती फेरा ओळखण्याची सोय असते. घरासाठी तेवढंही चालतं.

कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज द्यायची असेल तर पीओईवाला मॅनेज्ड स्विच घ्यावा. 2003 च्या मूळ प्रमाणकात पोर्टला 15.4 वॅट मिळतात, नेहमीच्या कॅमेऱ्याला ते भरपूर. भर पावसात गच्चीवरचा कॅमेरा अडकला तर शिडी लावायची गरज नाही; मोबाइलवरून त्या पोर्टची वीज बंद-चालू करायची. केबल मात्र अस्सल तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त, त्यामुळं लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पोचता पोचता घसरतं.

वळवाच्या विजांपुढं मात्र या स्विचचं काही चालत नाही. समोरच्या इमारतीत गच्चीवरून तांब्याची केबल टाकली असेल, तर जवळ वीज पडली की दोन्हीकडची पोर्टं जळू शकतात. तिथं फायबरच घालावं. बऱ्याच मॅनेज्ड स्विचना त्यासाठी एसएफपी खाच असते.

स्विच लावल्यावर पहिल्यांदा त्याचा मूळ पासवर्ड बदला. आणि सेटिंग केल्यावर ‘सेव्ह’ दाबायला विसरू नका. काही मॉडेलांत ते वेगळं दाबावं लागतं, नाहीतर लाईट गेली की व्हीलॅनही गेले.