करदात्याचा पैसा आणि रोजगार हमी : एका जुन्या सौद्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती ३०० होते आणि वर्षाचे २,५०० पुरे होतात. हा व्यवसाय कर. तो मुळात कशासाठी लागू झाला, हे ज्यांच्या पगारातून तो कापला जातो त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. लाडकी बहीण योजनेवरून ‘आमच्या कराचा पैसा वाटून टाकतात’ अशी तक्रार ऐकू आली की मला हाच कर आठवतो. एकाच्या पगारातून काढून दुसऱ्याच्या रोजीची सोय करायची, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी उघडपणे, कायदा करून ठरवले होते.

पण गोष्ट त्याही आधीची आहे. करदाता म्हणजे पगारदार, हे समीकरण तसे अलीकडचे. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमका उलटा हिशेब मांडला होता : सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामावर आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या मुलांवर. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार तेव्हा जमीन महसूल होता. संपत्तीचे पुनर्वाटप त्या काळीही चालूच होते, फक्त खालून वर.

त्याच्या पाचच वर्षे आधी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. दुष्काळी कामांवरची मजुरी ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी इतकी खाली आणली की गड्याच्या वाट्याला दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढेच येऊ लागले. मुंबई इलाख्यातले मजूर काम सोडून चालते झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यातून निघालेल्या दुष्काळ संहितेने मदतीची रीत बांधून दिली. मदत द्यायची ती कामाच्या बदल्यात, काम कष्टाचे आणि मजुरी पोटापुरती. जो खरोखर उपाशी आहे तोच अशा कामावर येईल, म्हणजे वेगळी चौकशी करायला नको. १८३४ च्या इंग्लंडमधल्या गरीब कायद्यामागचा संशय इथे असा पोहोचला. सरकारी पैशावर कुणी ऐतखाऊ पोसला जाऊ नये, ही भीती मदतीच्या रचनेतच मुरली.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडणारी माणसे आठवतात. शिवाय मदत म्हणून वाटलेली सुकडी, आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, घशाखाली न उतरणारी भाकरी. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग करून पाहिला होता. त्यांचे म्हणणे साधे होते. मजुराच्या घरात काम नसते ते काही फक्त दुष्काळाच्या वर्षी नव्हे, मग कामाची सोय तरी दुष्काळापुरतीच का? ‘मागेल त्याला काम’ या घोषणेमागे हा प्रश्न होता.

पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर १९७५ मध्ये मिळाले. नोकरी-धंद्यावर व्यवसाय कर बसला. मोटारी, विक्रीकर, बागायती जमीन, शहरांतल्या अनिवासी इमारती यांवरही हमीसाठी कर आणि अधिभार लागले, आणि या करांतून जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून हमीच्या निधीत घालायची असे ठरले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नाव नोंदवले की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता.

या करांचा मोठा भार मुंबईवर पडत होता. तरीही हा सौदा टिकला, आणि माझ्या मते तो निव्वळ उदारपणावर टिकला नाही. गावात काम मिळाले तर लोंढे शहरात येणार नाहीत, असा शहराचा हिशेब होता. पाझर तलाव आणि नालाबांधणीमुळे ज्याच्या विहिरीचे पाणी वाढे तो बागायतदारही खूश होता. मजुराने उन्हात घाम गाळला की ‘फुकट दिले’ असे म्हणायला कुणाला जागा उरत नसे. मदत हवी तर कष्टाचे काम करा, ही जुनी कसोटी कायम राहिली होती, पण आता काम मागणे हा हक्क होता. कामावर बायका मोठ्या संख्येने येत, म्हणून पाळणाघराची तरतूदही नियमांत होती. ती प्रत्यक्षात किती ठिकाणी दिसली, हा वेगळा विषय.

खोट्या हजेऱ्यांची आणि मुकादमांची रडगाणी होतीच. पण खरा घाव बसला तो १९८८ मध्ये. किमान वेतन वाढले, त्याबरोबर हमीची मजुरी दुपटीच्या आसपास गेली आणि कामांवरची हजेरी एकदम घटली. मजुरांची गरज काही एका वर्षात संपलेली नव्हती. महाग पडणारी कामे सरकार पूर्वीइतकी काढीना. कागदावर हमी तशीच राहिली. दुसरीकडे हमीच्या नावाने येणारा पैसा खर्चापेक्षा जास्त जमू लागला. त्याच वर्षी साठाव्या घटनादुरुस्तीने व्यवसाय कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० वरून २,५०० रुपयांवर नेली. संविधानातला तो आकडा पुढे हललाच नाही, म्हणून आजही गाडी २,५०० वरच अडते.

केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा डोळ्यांसमोर महाराष्ट्राचाच अनुभव होता. मात्र वर्षाला १०० दिवसांची मर्यादा आली आणि अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. कोणता कर कुणाच्या मजुरीत जातो, हे नाते तिथून पुसट झाले.

२०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये थेट खात्यात येतात. तिथे कामाची कसोटी नाही आणि त्यासाठी म्हणून लावलेला वेगळा करही नाही. पैसा सर्वसाधारण तिजोरीतून जातो, म्हणजे ती बहीण साबणाच्या वडीवर जो जीएसटी भरते त्यातूनही. तरी वादात करदाता म्हणून हात वर करतो तो पगारदारच. त्याच्या पगारपत्रकातली ती जुनी कपात मात्र चालूच आहे, आणि फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का गेले, हे तो दरवर्षी अकाउंट्सवाल्यांना विचारतो.