श्वासाची ढब आणि मनःस्वास्थ्य

श्वासाचा वेग, खोली, लय आणि उसाशांचे प्रमाण यांवरून माणसाच्या मनःस्थितीचा बांधला जाणारा अंदाज. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. ही लय लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडलेल्या भागात, ठरते. पण भीती, राग, दुःख यांच्याशी निगडित मेंदूचे भाग तिच्यात सतत ढवळाढवळ करतात. हृदयाचे ठोके मनात आणून थांबवता येत नाहीत, श्वास काही काळ थांबवता येतो. म्हणूनच तो मनाची खूणही ठरतो आणि मनापर्यंत जाण्याची वाटही. निरीक्षण जुनेच आहे. पातंजल योगसूत्रांत (१.३१) दुःख, खिन्नता आणि अंगाचा कंप यांच्या जोडीने श्वास-प्रश्वासालाही चित्तविक्षेपाचा सोबती म्हटले आहे.

मराठवाड्यात ‘मला उदास वाटतंय’ अशी तक्रार घेऊन दवाखान्याची पायरी क्वचितच कोणी चढते. तक्रार येते ती ‘दम कोंडायलाय’, ‘जीव घाबरायलाय’, ‘छाती भरून यायलीय’ अशी. डॉक्टर नवखा असेल तर तो दम म्हणजे दमा समजतो आणि पंप लिहून देतो.

श्वासाचे सर्वांत ठळक नाते भीतीच्या झटक्याशी, म्हणजे पॅनिक अटॅकशी आहे. रात्री अकराला तालुक्याच्या दवाखान्यासमोर जीप थांबते. आत विशीतली सून. हाताची बोटे आत वळलेली, ओठांना मुंग्या, डोळे विस्फारलेले. सासूच्या मते बाहेरचे काहीतरी लागलेले, दिराच्या मते नाटक. दोघेही चुकतात. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते आणि त्यातले मुक्त कॅल्शियम कमी होते. त्यामुळे मुंग्या येतात, बोटे आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून भोवळही येते. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो, तरी हवा पुरत नाही असेच वाटते आणि त्या धास्तीने ती आणखी जोरात श्वास ओढते. ‘सलाईन लावा’ हा नातेवाइकांचा आग्रह ठरलेला. सलाईनने बरे वाटतेही, कारण अर्धा तास आडवे पडल्यावर श्वास आपसूक मंदावतो. श्रेय मात्र बाटलीला जाते आणि पुढच्या महिन्यात जीप पुन्हा येते. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय आता सुचवत नाहीत. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर हा उपाय जिवावर बेतू शकतो.

उसासा हा प्रत्येक वेळी दुःखाचाच असतो असे नाही. निरोगी माणूसही काही मिनिटांनी नकळत एक खोल श्वास घेतो, त्याने फुप्फुसातले मिटलेले वायुकोश उघडतात. पॅनिकच्या रुग्णांत मात्र उसासे वारंवार येतात आणि एरवीही श्वासाची लय अनियमित असते. नैराश्याच्या बाबतीत पुरावा इतका नेमका नाही.

श्वास ही खूण आहे, निदान नव्हे. बीडकडून ऊसतोडीला जाणारी बाई धाप लागते म्हणाली, तर ताणाची गोष्ट काढण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईची फुप्फुसे, जिनिंगमधल्या कामगाराच्या छातीत गेलेली कापसाची धूळ, बिघडलेल्या मधुमेहातला खोल, वेगवान श्वास, हे सगळे वरवर घाबरण्यासारखेच दिसते. उलट चूकही होते: ईसीजी चांगला आला की ‘तुला काही झालं नाही’ म्हणून माणसाला घरी धाडतात. त्याला काहीतरी झालेले असतेच.

मोजण्याची रीत सोपी आहे. नाडी पाहण्याच्या निमित्ताने मनगट धरावे आणि पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजावी. सांगून मोजले की श्वास लगेच बदलतो. पोट स्थिर आणि खांदे वर उचलले जात असतील तर श्वास छातीच्या वरच्या भागातूनच चालला आहे. नेदरलँड्समध्ये तयार झालेली १६ लक्षणांची नायमेखेन प्रश्नावली अतिश्वसन, म्हणजे गरजेपेक्षा जास्त श्वास घेणे, तपासायला वापरतात; प्रत्येक लक्षणाला ० ते ४ गुण, एकूण ६४. उपचारात मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आणि लांब उच्छ्वास शिकवतात. संथपणे म्हटलेल्या ओवीतही उच्छ्वास असाच लांबतो, पण भजनी मंडळात जा असे सांगून पॅनिकचा उपचार होत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे उद्ध्वस्त झाली. वाचलेल्यांत नैराश्य आणि आघातोत्तर ताणाचे विकार नंतरच्या पाहण्यांत आढळले. अशा विकारात त्या प्रसंगाची नुसती चाहूल लागली तरी श्वास चढतो. पुढे दुष्काळ आणि कर्जाने हा प्रदेश पुन्हा पुन्हा पिळला. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ हे सरकारी रुग्णालय आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हाच मोठा आधार. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. फोनवर समुपदेशकाला रुग्णाची छाती दिसत नाही. वाक्य कुठे तुटते आणि मध्ये किती उसासे येतात, ते मात्र ऐकू येते.