बहिष्कार वेगळा, निर्बंध वेगळे: माउंग झार्नींच्या बदलत्या भूमिका समजून घेताना

म्यानमारवरच्या लिखाणात ‘बहिष्कार’ आणि ‘निर्बंध’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. म्यानमारच्या लष्करी राजवटीविरुद्ध परदेशातून लढणारे कार्यकर्ते माउंग झार्नी यांच्याबद्दल वाचताना ही गल्लत फारच नडते. मग हा माणूस सारखा पक्ष बदलणारा वाटू लागतो, आणि माझ्या मते तो त्यांच्यावर अन्याय आहे.

झार्नी मूळचे मंडालेचे. १९८८ साली ते शिकायला अमेरिकेत गेले. त्याच वर्षी लष्कराने त्यांच्या देशातलं लोकशाही आंदोलन गोळ्या घालून चिरडलं. १९९५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना त्यांनी ‘फ्री बर्मा कोएलिशन’ ही संघटना सुरू केली (बर्मा हे म्यानमारचं जुनं नाव). ठिकठिकाणच्या विद्यापीठांतली मुलं तिला जोडली गेली, आणि लष्करी राजवटीतल्या म्यानमारमध्ये धंदा करणारी पेप्सी हे त्यांचं मोठं लक्ष्य ठरलं.

बहिष्कार म्हणजे काय, ते इथे लख्ख दिसतं. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि १९९६ मध्ये तिथल्या भोजनगृहांचा पेप्सीशी होऊ घातलेला करार बारगळला. कायदा नाही, पोलीस नाहीत; जेवणाच्या ताटाशेजारी कुठला ग्लास ठेवायचा, एवढाच प्रश्न. जानेवारी १९९७ मध्ये पेप्सीने म्यानमारशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. (टिळकांनी चतुःसूत्रीत बहिष्कार घातला तो याच अर्थाने, आणि पुढे ते तुरुंगात राहिले तेही मंडालेलाच.)

निर्बंध घालतं ते सरकार. १९९७ मध्ये क्लिंटन यांनी अमेरिकी कंपन्यांना म्यानमारमध्ये नवी गुंतवणूक करायला बंदी केली. ‘नवी’ हा शब्द महत्त्वाचा. युनोकॉल या अमेरिकी तेल कंपनीचा म्यानमारमधल्या यादाना वायुप्रकल्पातला पैसा आधीचा होता, म्हणून तो तसाच राहिला. मग मे २००३ मध्ये देपायिनजवळ लोकशाही चळवळीच्या नेत्या आँग सान सू ची यांच्या ताफ्यावर जीवघेणा हल्ला झाला आणि अमेरिकेने म्यानमारच्या मालाची आयातच बंद केली. यादानाचा गॅस थायलंडला जातच राहिला. बंद पडले ते कपड्यांचे कारखाने. शर्टाच्या कॉलरमागे ‘मेड इन म्यानमार’ची पट्टी शिवणाऱ्या हजारो मुलींचा रोजगार गेला. बहिष्कार कंपनीचं नाव घेऊन होतो आणि कंपनी बाहेर पडली की उठतो. आयातबंदी सरसकट असते, आणि एकदा कायदा झाला की तो मागे घेणं सोपं नसतं.

नव्वदच्या दशकात झार्नींना दोन्ही हवे होते. पुढे मात्र देशाला एकटं पाडून लष्करशहा हलत नाहीत, असं त्यांचं मत झालं. २००४ मध्ये ते राजवटीशी बोलायला रंगूनलाही गेले. निर्वासित चळवळीतले अनेक जण त्यांच्यावर संतापले. तो संताप मला समजतो. ज्यांचे सोबती तुरुंगात होते, त्यांना ही बोलणी कशी रुचावीत? पण झार्नींनी बदलला तो मार्ग होता. लष्कराची सत्ता त्यांना तेव्हाही मान्य नव्हती.

नंतरचं वळण रोहिंग्यांचं, म्हणजे म्यानमारमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांचं, आणि ते त्यांना सगळ्यात महागात पडलं असावं. स्वतः बर्मी बौद्ध असून, २०१४ मध्ये एका सहलेखिकेसोबत त्यांनी रोहिंग्यांवरच्या अत्याचारांना ‘धुमसता वंशसंहार’ म्हटलं. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा कालचे लोकशाहीवादी सोबती गप्प होते किंवा लष्कराच्या बाजूने बोलत होते. म्हणून झार्नींचा विरोध आता सत्तेवर आलेल्या सू चींनाही होता.

डिसेंबर २०१९ मध्ये झार्नी आणि त्यांचे सहकारी पुन्हा बहिष्काराकडे वळले, पण या वेळी आवाहन अख्ख्या म्यानमारवरच्या बहिष्काराचं होतं. नाव बहिष्काराचं असलं तरी त्याचा पसारा निर्बंधांइतका होता, आणि पट्टी शिवणाऱ्या मुलीही त्यात येत होत्या. मला हे खटकतं. पण त्याच आठवड्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध म्यानमारची बाजू मांडायला स्वतः सू ची उभ्या होत्या, आणि १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी पेप्सी नाकारली होती ती त्यांच्याच लढ्यासाठी.