फोर्सिथिया: पिवळ्या झुडपाच्या फांदीवरचा हक्क

न्यू जर्सीत मार्च संपत आला की एडिसन, न्यू ब्रन्सविक या भागात घराघरांच्या कुंपणाला पिवळा रंग चढतो. झाडांना अजून पान नसतं, गवतही मळकटच असतं, आणि अशा उघड्याबोडक्या अंगणात एक झुडूप बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसतं फुलांनी भरलेलं असतं. तिथल्या मराठी घरांनाही ते चांगलं ओळखीचं आहे. नाव फोर्सिथिया. कूळ ऑलिव्हचं, म्हणजे आपली जाई, मोगरा आणि पारिजात ज्या कुळातले, त्याच कुळातलं. चार पाकळ्यांचं फूल, वास जवळजवळ नाहीच. पण हिवाळा सरल्याची पहिली खात्रीची खूण म्हणून त्याचं मोल मोठं. ब्रुकलिनने तर 1940 मध्ये त्याला आपलं अधिकृत फूल केलं.

याच झुडपाचं रोप आज नर्सरीतून आणलं, तर कुंडीला अडकवलेल्या चिठ्ठीवर अनेकदा एक पेटंट क्रमांक आणि त्याखाली ताकीद असते: परवानगीशिवाय या रोपापासून कलम करण्यास मनाई आहे. जे झुडूप फांदी कापून ओल्या मातीत खोचली तरी मुळं धरतं, त्याच्यावर ही ताकीद आली कुठून? याचं उत्तर शोधायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात नावापासूनच करायला हवी. विल्यम फोर्सिथ हे स्कॉटलंडचे माळी. आधी चेल्सीच्या औषधी वनस्पतींच्या बागेत आणि नंतर इंग्लंडच्या राजाच्या केन्सिंग्टन आणि सेंट जेम्स इथल्या बागांवर त्यांनी काम केलं. झाडांच्या जखमा भरून काढणारा एक लेप आपण तयार केला आहे, असा त्यांचा दावा होता. शेण, चुना, लाकडाची राख, वाळू असा त्याचा मसाला. आरमाराला ओकचं लाकूड हवं होतं आणि आजारी ओक बरे होणार असतील तर ते कोणाला नको होतं? ब्रिटिश संसदेने कृती जाहीर करण्याच्या बदल्यात त्यांना 1500 पौंड मंजूर केले. पुढे थॉमस अँड्र्यू नाइट या बागायततज्ज्ञाने लेपाच्या दाव्यांवर जाहीर हल्ला चढवला आणि लेपाची अब्रू गेली. मला हा प्रसंग इथे फार महत्त्वाचा वाटतो, कारण पेटंटच्या मुळाशी असलेला सौदा नेमका हाच आहे: गुपित समाजापुढे उघडं करा, समाज त्याचा मोबदला देईल. फोर्सिथ 1804 मध्ये वारले. त्याच वर्षी डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिन व्हाल यांनी या झुडपाच्या प्रजातीला त्यांचं नाव दिलं.

झुडूप मात्र फोर्सिथ यांनी शोधलेलं नव्हतं. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी जपानमध्ये ते पाहिलं आणि 1784 मध्ये त्याचं वर्णन छापलं, तेही लायलॅकचा एक प्रकार समजून. चीनमध्ये या झुडपाची सुकलेली फळं फार पूर्वीपासून औषधात आहेत, आणि चीन-जपानच्या बागांतही ते युरोपीय तिथे पोहोचण्याआधी होतंच. आज ज्याला 'लोंबती' फोर्सिथिया म्हणतात ती सस्पेन्सा जात 1833 मध्ये हॉलंडला पोहोचली. दुसरी, ताठ वाढणारी विरिडिसिमा, वनस्पती गोळा करणारे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी 1844 मध्ये चीनच्या झोउशान बेटावरच्या एका बागेतून मिळवली. पहिलं अफूयुद्ध नुकतंच संपलं होतं आणि चीनची बंदरं इंग्रजांना नुकतीच उघडली होती. त्या बागेच्या मालकाला किंवा माळ्याला या झुडपाचे काही पैसे मिळाले असतील, असं मानायला कोणताही आधार नाही. वाणांवरच्या हक्काची गोष्ट सांगताना हे पहिलं पान वगळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

या दोन जाती युरोपच्या बागांत शेजारी शेजारी आल्या आणि पुढचं काम मधमाश्यांनी केलं. 1878 मध्ये हेरमान झाबेल यांना जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या वनस्पती उद्यानात दोन्हींच्या मधलं रूप असलेलं झुडूप दिसलं. 1885 मध्ये त्याला 'इंटरमीडिया' हे नाव मिळालं. आज जगभरच्या बागांत दिसणारी बहुतेक फोर्सिथिया याच संकराची वंशज आहे. 1906 मध्ये बर्लिनच्या श्पेट नर्सरीने यातलीच निवड करून 'स्पेक्टाबिलिस' बाजारात आणली आणि पुढची कित्येक दशकं गडद पिवळ्या फुलांसाठी तिचंच नाव घेतलं जात राहिलं.

इथे झुडपाच्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पेटंटचा मुद्दा कळणार नाही. फोर्सिथियाची झुडपं दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेच्या फुलात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, दुसरीत याच्या उलट. एका तऱ्हेचं परागण दुसऱ्या तऱ्हेशीच नीट जमतं. स्वतःच्या परागाने झुडूप बी धरत नाही म्हटलं तरी चालेल. आता एकाच झुडपाच्या छाटकलमांतून वाढवलेला वाण घ्या. त्याची लाखो रोपं एकाच तऱ्हेची, खरं तर एकच झुडूप लाखो ठिकाणी उभं. म्हणून एका वाणाचं लांबच लांब कुंपण फुलांनी लदबदतं, पण फळं क्वचितच धरतं. बी झालं, पेरलं, तर उगवलेली रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. एखादा चांगला वाण जसाच्या तसा टिकवायचा तर फांदीशिवाय गत्यंतर नाही. वाणाची सगळी किंमत कलमात असते, आणि कलम करायला लागतं काय, तर एक कात्री.

नवा वाण निघण्याचा एक मार्ग माणसाच्या हातातला नसतो. कधी एखाद्याच फांदीवर वेगळी फुलं येतात. डोळ्यातल्या, म्हणजे फांदीवर कोंब फुटतो त्या जागेतल्या, पेशींत बदल झालेला असतो, आणि ती फांदी कलम करून वाढवली की नवा वाण उभा राहतो. बागायतीत याला 'स्पोर्ट' म्हणतात. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. तासगावची 'तास-ए-गणेश' आणि सोलापूरजवळच्या नान्नजची 'सोनाका' थॉमसन सीडलेसच्या वेलीवर अशाच निघाल्या आणि शेतकऱ्यांच्या नजरेने त्या टिपल्या. फोर्सिथियाची 'लिनवुड' तशीच. 1935 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या कुक्सटाउन गावी मिस अडेर यांच्या बागेत 'स्पेक्टाबिलिस'च्या एका फांदीवर अधिक मोठी, अधिक उघडलेली आणि फांदीभर सारखी पसरलेली फुलं दिसली. स्लीव्ह डोनार्ड नर्सरीने ती वाढवून विकली आणि 'लिनवुड' जगभर गेली. ब्रिटनमध्ये वाणांवर हक्क देणारा कायदा 1964 मध्ये आला. तोपर्यंत 'लिनवुड' कुणीही, कुठेही, कितीही वाढवावी अशी मोकळी झालेली होती.

अमेरिकेत मात्र त्याआधीच, 23 मे 1930 रोजी, अध्यक्ष हूवर यांनी वनस्पती पेटंट कायद्यावर सही केली होती. त्यामागे नर्सरीवाल्यांची जुनी तक्रार होती. वर्षानुवर्षं राबून नवा वाण काढायचा, पहिल्या हंगामात विकायचा आणि दुसऱ्या हंगामात शेजारच्या नर्सरीने त्याची कलमं निम्म्या भावात विकायची. मिझुरीच्या स्टार्क ब्रदर्सने 1914 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका शेतावरचं गोल्डन डिलिशसचं मूळ सफरचंदाचं झाड विकत घेतलं, तेव्हा फांद्या चोरीला जाऊ नयेत म्हणून त्याभोवती पिंजरा उभारला होता. झाडाला पिंजरा! कायद्याआधीच्या काळात मालकी राखायची म्हणजे काय होतं, ते याहून नेमकं सांगता येणार नाही. याच घराण्यातले पॉल स्टार्क कायद्यासाठी वॉशिंग्टनमध्ये झटत राहिले. थॉमस एडिसन यांनी पाठिंबा दिला. प्रसिद्ध वाणनिर्माते ल्यूथर बरबँक 1926 मध्येच वारले होते, पण त्यांचं एक पत्र काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, वाचलं गेलं. उंदीर पकडायच्या सापळ्याचं पेटंट मिळतं, पण जगाला नवं फळ देणाऱ्याला त्याच्या नावापलीकडे काही मिळेल याचीही खात्री नाही, ही त्यांची व्यथा होती. कायदा झाल्यावर खुद्द बरबँक यांच्या वाणांना मरणोत्तर 16 पेटंटं मिळाली.

पहिलं वनस्पती पेटंट 18 ऑगस्ट 1931 रोजी न्यू ब्रन्सविकच्या हेन्री बोसेनबर्ग यांच्या 'न्यू डॉन' या वेलगुलाबाला मिळालं. तोही स्पोर्टच. म्हणजे आज ज्या गावात मराठी मंडळी फोर्सिथियाची कुंपणं पाहतात, तिथूनच या प्रकरणाची सुरुवात झाली, आणि शेजारचं गाव कायद्याच्या पाठीराख्याचं नाव घेऊन उभं आहे.

हा कायदा नेमका फांदीपुरता होता. कलम, डोळा, दाब अशा, बियांशिवायच्या मार्गाने वाढवता येणाऱ्या वाणालाच पेटंट. बटाट्यासारख्या कंदांना त्यातून वगळलं, कारण जो भाग खायचा तोच लावायचा. रानात सापडलेल्या झाडालाही पेटंट नाही. वाण लागवडीतला हवा. मुदत सुरुवातीला मंजुरीपासून 17 वर्षं होती, आता अर्जाच्या तारखेपासून 20. पेटंटमध्ये दावा एकच असतो: हे झुडूप, वर्णन केलं आहे तसं. सोबत रंगीत छायाचित्रं, फुलांचे रंग रंगतक्त्याशी ताडून लिहिलेले. हक्क रूपावर नाही, वंशावर आहे. 1995 मध्ये हेदर या झुडपाच्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने हे स्पष्ट केलं. नुसतं दिसायला सारखं असून चालत नाही. समोरच्याचं रोप पेटंट घेतलेल्या रोपापासूनच कलमाने वाढवलेलं आहे, हे सिद्ध करावं लागतं. मला हा निकाल न्यायाचा वाटतो. निसर्गाने तोच बदल दुसऱ्या अंगणात घडवला, तर त्या अंगणाच्या मालकाला चोर ठरवता येत नाही.

कायदा हाताशी असूनही फोर्सिथियाच्या संकराचं सगळ्यात मोलाचं काम बराच काळ पेटंटाविना झालं. बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षउद्यानात कार्ल सॅक्स यांनी 1930 च्या दशकात या झुडपावर प्रयोग सुरू केले. कोल्चिसिन या द्रव्याने गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते हे 1937 मध्ये जगापुढे आलं होतं. (आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं.) ते वापरून त्यांनी 1939 मध्ये 'अर्नोल्ड जायंट' काढली. फुलं खरोखर मोठी, पण कलमं मुळं धरायला कुरकुरत, आणि कलमाला नाखूश असलेली फोर्सिथिया नर्सरीच्या काय कामाची? तिच्या पुढच्या पिढीतून आलेली 'बिआट्रिक्स फॅरँड' मात्र लोकांना आवडली.

थंडीचा प्रश्न त्याहून कठीण होता. फोर्सिथियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि उत्तरेच्या कडाक्यात त्या मरतात. मग वसंतात बर्फाखाली दबलेल्या खालच्या फांद्या तेवढ्या फुलतात, वरचं झुडूप हिरवंच. वनस्पती गोळा करणारे ई. एच. विल्सन यांनी 1917 मध्ये कोरियातून आणलेली ओव्हाटा ही काटक जात इथे कामी आली. तिचा अल्बानियाच्या डोंगरातल्या युरोपिया या जातीशी 1935 मध्ये अर्नोल्डमध्ये संकर झाला. त्यातून निवडलेली 'मेडोलार्क' अमेरिकेच्या उत्तरेकडच्या दोन्ही डाकोटा राज्यांतल्या विद्यापीठांनी आर्बोरेटमसोबत 1986 मध्ये प्रसारित केली. तिच्या कळ्या उणे 37 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसतात. संकर ते प्रसार, मध्ये 51 वर्षं. कोणत्या कंपनीचा हिशेब एवढा थांबला असता? मिनेसोटाची 'नॉर्दर्न सन' आणि कॅनडातल्या ओटावाची 'नॉर्दर्न गोल्ड' हीदेखील सार्वजनिक संस्थांचीच कामं.

पेटंटची फोर्सिथिया खऱ्या अर्थाने आली ती घरांची अंगणं लहान झाल्यावर. जुनं झुडूप आठ-दहा फूट पसरतं, छाटणी चुकली की फुलं जातात. लोकांना गुडघाभर उंचीचं, आटोपशीर आणि तरीही भरभरून फुलणारं रोप हवं होतं. फ्रान्सच्या आंजे शहरातल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने, इनराने, निसर्ग बदल घडवेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवून फांद्यांवर किरणोत्सर्गाचा मारा केला आणि बदललेल्या फांद्यांतून बुटके वाण निवडले. त्यातला 'कोर्टासोल' जेमतेम दोन-अडीच फूट उंच राहून जमिनीलगत पसरतो. अमेरिकेत तो 'गोल्ड टाइड' या नावाने विकला गेला, वनस्पती पेटंट क्रमांक 9104. त्याच आंजू प्रांतातल्या मिनिये नर्सरीची 'मिंडोर' पुढे अमेरिकेत 'शो ऑफ' झाली, आणि हॉलंडच्या कोल्स्टर यांची 'कोलगोल्ड' झाली 'मॅजिकल गोल्ड'.

ही दोन-दोन नावं नीट पाहायला हवीत. 'मिंडोर', 'कोलगोल्ड' ही वाणाची खरी नावं. नोंदणीत हीच असतात आणि त्यात मालकाच्या नावाचा तुकडा दडलेला असतो. 'शो ऑफ', 'मॅजिकल गोल्ड' ही दुकानातली नावं, म्हणजे ट्रेडमार्क. पेटंट 20 वर्षांनी संपतं, ट्रेडमार्कचं नूतनीकरण करत राहता येतं. पेटंट संपल्यावर 'मिंडोर' कुणीही वाढवू शकेल, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेलं नाव चिठ्ठीवर लिहू शकणार नाही. मुदतीचा हक्क मला मान्य आहे. मुदत संपल्यावरही नावाच्या आडून तो लांबवणं मला खटकतं.

युरोपने वेगळी वाट धरली. 1961 मध्ये पॅरिसला झालेल्या 'युपोव्ह' करारातून पेटंटऐवजी वाणनिर्मात्याचा स्वतंत्र हक्क आला. अमेरिकेत कागद तपासून पेटंट मिळतं. युरोपात रोप प्रत्यक्ष लावून ते वेगळं, एकसारखं आणि स्थिर आहे का हे पाहिलं जातं. संरक्षित वाण घेऊन त्यातून नवा संकर करण्याची मुभा सगळ्यांना आहे. 1991 च्या सुधारणेने मात्र एक कडी लावली: संरक्षित वाणावरच निघालेला स्पोर्ट विकायचा तर मूळ मालकाची परवानगी लागते. आज तसा कायदा असलेल्या देशात एखाद्या संरक्षित फोर्सिथियावर 'लिनवुड'सारखी फांदी निघाली, तर अंगणाच्या मालकिणीला ती कापून नर्सरीकडे सहज देता येणार नाही. युरोपीय संघाचं वाणहक्क कार्यालय आज आंजेलाच आहे, इनराच्या त्याच शहरात.

भारताने 2001 च्या कायद्यात तिसरी वाट घेतली. आपल्याकडे वनस्पतीला पेटंट नाहीच. वाणाची नोंदणी होते, आणि शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क कायद्यातच लिहिलेला आहे. वेली आणि झाडांसाठी संरक्षणाची मुदत 18 वर्षं.

'गोल्ड टाइड'चं पेटंट आता संपलेलं आहे. 'कोर्टासोल' या नावाने तिची कलमं कुणीही करू शकतं: फुलं ओसरल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला आलेली कोवळी, वीतभर फांदी, खालची पानं काढलेली, ओल्या वाळूत, सावलीला.