केटल स्मारक, डब्लिन

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील सेंट स्टीव्हन्स ग्रीन या सार्वजनिक उद्यानातील अर्धपुतळा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील सोमच्या लढाईत कामी आलेले, ब्रिटिश सैन्यातले आयरिश लेफ्टनंट टॉमस मायकेल ऊर्फ टॉम केटल (९ फेब्रुवारी १८८०–९ सप्टेंबर १९१६) यांच्या स्मरणार्थ तो १९३७ मध्ये बसवण्यात आला. शिल्पकार आल्बर्ट पॉवर.

चौथऱ्यावरचा मजकूर थोडका आहे: नाव, जन्माची तारीख, 'गिंची येथे मारले गेले' एवढी नोंद, मृत्यूची तारीख, मग 'कवी, निबंधकार, देशभक्त' हे तीन शब्द आणि खाली कवितेच्या तीन ओळी. हुद्दा नाही, पलटणीचे नाव नाही, युद्धाचा उल्लेखही नाही. ज्याला काही ठाऊक नाही अशा वाटसरूला हा माणूस सैन्याच्या गणवेशात गेला हे कळायचे नाही. गिंची हे फ्रान्समधले एक खेडे. त्याच्या नावातही कोरताना एक अक्षर जास्तीचे पडले आहे. हे मौन विसराळूपणाचे नाही. त्या काळच्या आयर्लंडमध्ये ब्रिटिश गणवेशात मेलेल्या आयरिश माणसाविषयी काय लिहावे, हा प्रश्न खरोखरच अवघड होता.

याच उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यात, ग्राफ्टन स्ट्रीटच्या तोंडाशी, फ्युझिलियर्स आर्च ही दगडी कमान आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढताना पडलेल्या रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या दोनशेहून अधिक सैनिकांची नावे तिच्या आतल्या बाजूला कोरली आहेत. १९०७ मध्ये ती उभी राहिली आणि राष्ट्रवाद्यांनी तिला 'गद्दारांचा दरवाजा' असे नाव ठेवले. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावात बंडखोरांनी हे उद्यान ताब्यात घेऊन खंदक खणले होते. त्या चकमकीतल्या गोळ्यांच्या खुणा कमानीवर अजून दिसतात. केटल होते ते याच डब्लिन फ्युझिलियर्स रेजिमेंटमध्ये. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या रेजिमेंटचे मूळ डब्लिनमध्ये नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आणि मद्रास येथील दोन युरोपियन पलटणी पुढे राणीच्या फौजेत आल्या आणि १८८१ मध्ये त्यांची मिळून रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स बनली. त्यातली मुंबईची पलटण आपली वंशावळ पोर्तुगीजांकडून मुंबई बेट ताब्यात घ्यायला आलेल्या सतराव्या शतकातल्या शिपायांपर्यंत नेत असे.

केटल हे जमिनीच्या चळवळीतल्या घरात वाढले. वडील अँड्र्यू केटल हे कुळांच्या हक्कांसाठी जमीनदारांशी लढणाऱ्या लँड लीग या संघटनेच्या संस्थापक मंडळींपैकी एक. मुलाने वकिलीची सनद घेतली, १९०६ मध्ये ईस्ट टायरोन मतदारसंघातून अवघ्या १८ मतांनी निवडून येऊन तो ब्रिटिश संसदेत गेला आणि तीन वर्षांनी डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात राष्ट्रीय अर्थशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. ८ सप्टेंबर १९०९ रोजी मेरी शीही यांच्याशी विवाह झाला. मेरी स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या. केटल यांचाही त्या मागणीला पाठिंबा होता. बोलण्यात त्यांचा हात धरणारा डब्लिनमध्ये विरळा. मद्यपानाने मात्र त्यांना अखेरपर्यंत छळले, आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही ते कधी लपवले नाही.

१९१४ च्या उन्हाळ्यात ते बेल्जियममध्ये होते ते आयरिश स्वयंसेवक दलासाठी बंदुका खरेदी करायला. तेवढ्यात जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. जळती गावे आणि देशोधडीला लागलेली माणसे पाहून ते वार्ताहर म्हणून लिहू लागले आणि परत आल्यावर सैन्यात दाखल झाले. हे साम्राज्यासाठीचे युद्ध नसून लहान राष्ट्रांच्या आणि युरोपच्या संस्कृतीच्या बचावाचे आहे, असे ते मनापासून मानत. आयर्लंडला खऱ्या अर्थाने नवे व्हायचे तर आधी युरोपीय व्हावे लागेल, हे त्यांचे जुनेच म्हणणे. प्रकृती तोळामासा असल्याने प्रथम त्यांना सैन्यभरतीच्या सभांचे काम मिळाले.

मग १९१६ चा ईस्टर आला. उठाव केटल यांना पटला नव्हता. लोकशाही मार्गाने मिळत आलेले स्वराज्य यात हातचे जाईल असे त्यांना वाटे. पण त्या आठवड्याने त्यांच्या घरातच घाव घातला. त्यांचे साडू फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन हे शस्त्राला न शिवणारे शांततावादी. लुटालूट थांबवायला ते रस्त्यावर उतरले होते. त्यांना पकडून २६ एप्रिलला पोर्टोबेलो बराकीत, कसलीही चौकशी न करता, एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमाने गोळ्या घातल्या गेल्या. ३ मे रोजी कॉलेजातले सहकारी, उठावाचे एक नेते कवी टॉमस मॅकडोना यांना देहदंड झाला. उठाव करणारी ही माणसे इतिहासात वीर आणि हुतात्मे म्हणून राहतील, आणि मी राहिलोच तर एक ब्रिटिश अधिकारी म्हणून, अशा आशयाचे केटल यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. अंगावर तोच गणवेश, आणि तोच गणवेश घातलेल्या माणसाने साडूचा जीव घेतलेला. त्या वर्षी त्यांच्या मनावर किती ओझे होते याची कल्पना यावरून यावी. तरी त्यांनी माघार घेतली नाही. उलट आघाडीवर पाठवा म्हणून मागणी केली आणि त्या उन्हाळ्यात ते नवव्या डब्लिन फ्युझिलियर्सबरोबर फ्रान्समध्ये पोचले. तिथून लिहून ठेवलेल्या राजकीय निवेदनात त्यांनी आयर्लंडसाठी स्वराज्य आणि उठावातल्या कैद्यांची सुटका मागितली आहे.

९ सप्टेंबर १९१६ रोजी, लग्नाच्या सातव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पावणेपाचला सोळाव्या आयरिश डिव्हिजनने गिंचीवर चाल केली. गाव हाती आले. केटल सुरुवातीलाच गोळी लागून पडले, वय ३६. जवळच त्यांच्याच पलटणीतले १८ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट एमेट डाल्टन होते. डाल्टन यांना गिंचीच्या पराक्रमाबद्दल ब्रिटिशांचे मिलिटरी क्रॉस पदक मिळाले. पुढे हेच डाल्टन ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीत गेले आणि १९२१ मध्ये आपला जुना ब्रिटिश गणवेश चढवून माउंटजॉय तुरुंगातून एका कैद्याला सोडवण्याचे धाडस त्यांनी केले, जरी ते साधले नाही. केटल वाचते तर कुठे उभे राहते, हा प्रश्न डाल्टन यांच्याकडे पाहिले की पडतोच.

केटल यांची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांचे नाव फ्रान्समधील थीपवाल स्मारकावर, बेपत्ता झालेल्या ७२ हजारांहून अधिक नावांमध्ये कोरले आहे.

घरच्या गावी मात्र स्मारकाचे घोंगडे भिजत पडले. रेजिमेंटच १९२२ मध्ये बरखास्त झाली होती. स्वतंत्र आयर्लंडचा पाया ईस्टरच्या उठावात मानला गेला, आणि जिथे घरोघर कुणीतरी या युद्धात गेले होते तिथे त्याविषयी बोलणे अडचणीचे होऊन बसले. महायुद्धातल्या मृत सैनिकांचे राष्ट्रीय स्मारक डब्लिनच्या मेरियन चौकात, संसदेच्या समोर नको, असे मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांनी १९२७ मध्ये सांगितले. त्यांचा स्वतःचा एक भाऊ या युद्धात गेला होता. ते स्मारक शेवटी शहराबाहेरच्या बाजूला आयलंडब्रिज येथे झाले. त्याचा आराखडा दिल्लीच्या इंडिया गेटचे आणि थीपवालचेही वास्तुकार एडविन लट्येन्स यांचा. तिथल्या ग्रंथदालनात गिंचीचा लाकडी क्रूस आहे. १९१७ मध्ये पडक्या फ्रेंच शेतघराच्या एल्म लाकडाच्या तुळईतून सैनिकांनीच तो घडवला आणि रणभूमीवर रोवला. केटल यांचा पुतळाही असाच, चौथऱ्यावर काय लिहावे याच्या वादात वर्षानुवर्षे अडकला आणि १९३७ मध्ये अनावरणाचा समारंभ न होताच जागेवर आला.

कोरलेल्या तीन ओळी ज्या सुनीताच्या, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेच्या, शेवटच्या आहेत, ते केटल यांनी मृत्यूच्या पाच दिवस आधी, ४ सप्टेंबरला, तीन वर्षांच्या मुलीसाठी, बेटीसाठी लिहिले. मोठी झाल्यावर ती विचारील, बाबा मला टाकून का गेले? त्याचे हे उत्तर आहे: आम्ही मेलो ते झेंड्यासाठी नव्हे, राजासाठी नव्हे, सम्राटासाठीही नव्हे, गुराख्याच्या गोठ्यात जन्मलेल्या एका स्वप्नासाठी आणि गरिबांच्या गुप्त धर्मग्रंथासाठी. गोठ्यातले स्वप्न म्हणजे ख्रिस्तजन्म. या ओळींच्या आधीची ओळ दगडावर घेतलेली नाही. तिच्यात केटल आपल्याला आणि आपल्या सोबत्यांना वेडे म्हणतात, वेड्या मृतांमध्ये जाऊन मिळालेले वेडे.